डाकवाटेची पाटी

आमच्या खोऱ्यात पाऊस पडतोय असं कुणी कुणाला सांगत नाही. थांबला, तर सांगतात. ऑक्टोबरात लागलेला पाऊस मार्चपर्यंत हलत नाही, आणि अशा मुलखात लोकांना डोंगरावरून सायकली खाली सोडायची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं मी माझ्या भावाला वर्षानुवर्षं ऐकवत आले.

माझा भाऊ गेथिन. पोस्टमन होता म्हणून गेथिन पोस्ट. मी चिप्सचं दुकान चालवायचे म्हणून मेन्ना चिप्स. आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव जोन्स, त्यामुळे आडनावं फक्त थडग्यांवर कामाला येतात. माझा नवरा वारला, गेथिनचं लग्न कधी झालंच नाही, मग म्हातारपणी दोघं एका छपराखाली आलो. तो माझ्या चहाला नावं ठेवायचा, मी त्याच्या चिखलाच्या बुटांना. बरं चाललं होतं.

पेनरोसच्या डोंगरावरून जी वाट खाली येते तिला आम्ही डाकवाट म्हणतो. वरच्या शेतांवर माणसं राहत होती तोवर गेथिन रोज त्याच वाटेनं टपाल घेऊन जायचा. पुढे ती शेतं ओस पडली आणि वाट नेच्यांनी गिळली. निवृत्त झाल्यावर यानं चार सायकलवाले गोळा केले, नेचे कापले, चर खणले, उतारावर स्लेटच्या फरश्या बसवल्या आणि टपालाची वाट सायकलींची करून टाकली. मग लिव्हरपूलहून, बर्मिंगहॅमहून माणसं गाड्यांवर सायकली बांधून तिच्यासाठी यायला लागली. पाय टपालानं घासले, जीव त्या वाटेला लावला, असा एकंदर हिशेब.

जमीन इदवल पेनरोसची. कागद झाला नाही, हातात हात दिला गेला आणि वर एक अट. वाट जिथे संपते तिथून खाली त्याचं कुरण आहे, हिवाळ्यात गाभण मेंढ्या तिथेच असतात. इदवल म्हणाला होता, "ओल असेल तेव्हा बंद. माझं कुरण एकदा जरी फाटलं ना गेथिन, तर फाटकाला साखळी. मग तू माझ्या बापाची पत्रं आणलेलीस हेही मी ऐकून घ्यायचो नाही."

म्हणून खालच्या फाटकावर पाटी आली. एक बाजू हिरवी, एक लाल. दर शनिवारी उजाडताना गेथिन वर चढायचा, वाट पायांनी तपासत उतरायचा आणि पाटी लावायचा. लाल असली की दोन-तीन तास गाडी हाकून आलेले गडी शिव्या देत परत फिरायचे, पण फाटक ओलांडायची छाती कुणाची नव्हती. गावात कुणी एखाद्या गोष्टीची खात्री देऊ लागलं की लोक विचारायचे, "गेथिननं पाटी लावलीय का?"

वाट तपासायची त्याची रीत मला ऐकून ऐकून पाठ झालेली. आधी टाच रोवायची. टाच उचलताना जमिनीनं चोखल्यासारखा आवाज केला, खळग्यात पाणी डोकावलं, की बंद. मग मूठभर माती दाबायची. लाडवासारखी वळली आणि हात चकाकला, तरी बंद. ओढ्याच्या पुलावर उभं राहून पाण्याचा आवाज ऐकायचा. आणि शेवटी लार्चच्या झाडांखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे बूट-मोजा काढून उघडा पाय जमिनीवर टेकवायचा.

याचं कारण दंव. ओल्या हिवाळ्यात वाट उघडायची ती फक्त दंवाच्या कृपेनं. रात्री सगळा चिखल गोठला की सकाळी तो सिमेंटसारखा वाजतो आणि चाकाचा ओरखडासुद्धा उमटत नाही. पण वरचं बोटभर वितळून सुटलं आणि खाली बर्फ तसाच राहिला, तर वरून लोणी, खालून काच. ते डोळ्यांना दिसत नाही, बुटाला कळत नाही. गेथिन म्हणायचा, "पाय टेकल्या टेकल्या जमीन चावली तर गोठलेली. पाय हळूहळू गार पडत गेला तर सुटलेली. तळव्याला खोटं बोलता येत नाही."

त्याला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं लोटली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाय जपा, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. घरी येऊन म्हणाला, "त्या पोरीनं पेनरोसचा डोंगर चढलाय का कधी?" मी म्हटलं, "तिनं तुझं रक्त तपासलंय, डोंगर नाही." त्यावर तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. जिन्यावरून उतरताना तो कठडा धरायला लागला होता आणि पायरी नजरेनं शोधायला लागला होता. विचारलं तर म्हणायचा, चष्मा बदलायला झालाय. मला पटलं नव्हतं, पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं.

त्या साली नाताळाच्या आधीपासून पाटी लालच होती. सायकलवाले कुरकुरत होते. पबात कुणीतरी त्याला म्हणालं होतं, "गेथिन, हिरव्या बाजूचा रंग तरी उडाला नाही ना? बघून ठेव एकदा." तो हसला होता, पण घरी येऊन जेवला नाही.

मग जानेवारीत एका शुक्रवारी रात्री आभाळ निवळलं आणि कडक दंव पडलं. शनिवारी अंधारातच गेथिन बाहेर पडला. खिडकीची काच पांढरी झाली होती. मी बेकन तव्यावर टाकलं तेव्हा उजाडलं होतं, आणि तेवढ्यात छपराच्या कडेवरून पाण्याचा एक थेंब पडताना दिसला. मागोमाग दुसरा. वाऱ्यानं दिशा बदलली होती.

गेथिन आला तो लग्नघरातून आल्यासारखा. "हिरवी!" दारातूनच ओरडला. "मेन्ना, हिरवी लावली! टणक आहे, घोडे घाला वरून."

"छप्पर ठिबकतंय," मी म्हटलं.

"छप्पर तुझं ठिबकतंय. लार्चखाली सूर्य येतो का? उघडा पाय टेकवून आलोय मी."

"चावली?"

"टणक आहे म्हटलं ना," तो म्हणाला आणि खुर्चीत बसून त्यानं उजवा बूट ओढला.

बुटातून पाणी आलं. थोडंथोडकं नाही, बादली कलंडावी तसं फरशीवर पसरलं, आणि त्यात लाल होतं. मोजा मांसाला चिकटला होता. टाचेत स्लेटची कपची उभी रुतलेली, माझ्या अंगठ्याएवढी. आणि हा गृहस्थ बेकनकडे हात करत म्हणतोय, "जास्त करपवू नकोस हं."

"गेथिन, पाय बघ."

त्यानं पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं पाहिलं.

"कधी लागलं हे?" मी विचारलं.

"लागलं असेल."

"तुला कळलं नाही?"

"थंडीनं बधिर होतो जरा."

"बुटात ओढा भरून आणलास तू! ओढ्यात पाय गेला तेही कळलं नाही तुला. आणि त्या पायाला तू विचारलंस, चावतंय का म्हणून? तो काय सांगणार? त्याला काहीच लागलं नाही म्हणजे जमीन टणक?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ऊठ. नाहीतर बस इथेच, मी जाते. पाटी फिरवते."

"लावलेली पाटी फिरवायची नाही." हा त्याचाच नियम. एकदा फिरवली की दर शनिवारी कुणीतरी फिरवायला सांगायला येईल, म्हणून केलेला. "माझ्या पाटीला हात लावायचा नाही मेन्ना. माझा शब्द आहे तो."

"शब्द तुझा, माना दुसऱ्यांच्या!"

मी त्याचा पाय टॉवेलात गुंडाळला, डॉक्टरांना फोन केला आणि गाडी काढली. निघताना मागे पाहिलं. तो खुर्चीतून वाकून आपल्या पायाला चिमटे काढत होता. आधी हळू, मग जोरात. मला त्याची इतकी दया आली की रागच यायला लागला.

फाटकापाशी गाड्यांची रांग होती. इतक्या आठवड्यांनी हिरवी म्हटल्यावर बातमी वणव्यासारखी गेली होती. मी पाटी लाल केली आणि वर चालायला लागले. पायाखाली वाट सुटत होती. टाच रोवायची गरजच नव्हती, माझ्यासारख्या आंधळीलाही कळत होतं. वरचा थर बुटाबरोबर सरकत होता आणि खाली बर्फ कडकडत होता.

लार्चपाशी दोघं सायकलवाले उभे होते आणि त्यांच्या मध्ये, एका दगडाला टेकून, आमची लोरी पडली होती. माझ्या दुकानात चिप्स बांधून देत वाढलेली पोर, आता शाळेत शिकवते. डाकवाट उघडली की पहिली उतरणार ती हीच. तिचा एक पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि चेहरा कागदासारखा. रडत नव्हती. मी गुडघ्यांवर बसले तशी तिनं माझी बाही धरली.

"आंटी मेन्ना, पाटी हिरवी होती ना?"

"होती, पोरी."

"मी बघितली होती. मी नीट बघितली होती."

"हिरवीच होती. तुझी काही चूक नाही."

ढग खाली आलेले, त्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही. बचाववाल्यांची गाडी यायची तर एकच रस्ता, इदवलच्या कुरणातून. इदवलनं स्वतः येऊन फाटक उघडून दिलं, टोपी काढून बाजूला उभा राहिला. गाडी मधोमध रुतली. ती ओढायला दुसरी आली, तीही रुतली. शेवटी इदवलनं आपला ट्रॅक्टर घातला. वरून घाबरत घाबरत उतरणारे बाकीचे सायकलवाले वाट चुकवून कुरणातूनच आले. गाभण मेंढ्या इकडून तिकडे धावत होत्या. लोरीला घेऊन गाडी गेली तेव्हा कुरणाचं नांगरलेलं शेत झालं होतं, आणि इदवल त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता.

"मेन्ना बाख," तो म्हणाला. बाख म्हणजे लहानगी. तो सगळ्यांनाच म्हणतो, कुत्र्यालासुद्धा. "गेथिन कुठाय?"

मी सांगितलं. पायाचंही सांगितलं. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"वाईट झालं. पण मी साखळी लावणार. आज ना उद्या कुणी मेलं तर माझ्या जमिनीवर मेलेलं असेल." जाता जाता म्हणाला, "त्याला मी सांगणार नाही. जन्मभर माझ्या दारात आलाय तो. ते तू सांग."

सांगणार होते. पण सोमवारपर्यंत गेथिनचा पाय काळा पडत वर सरकायला लागला होता आणि बुधवारी गुडघ्याखालून तो कापला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं लोरीचं विचारलं.

"चालेल का?"

"चालेल म्हणतात. काठी लागेल बराच काळ. सायकलचं कुणी काही बोलत नाही."

त्यानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि मी ते पुसलं नाही, त्याला आवडलं नसतं. मग म्हणाला, "वाट तर राहील ना?"

तिथे तोंड उघडायचं होतं. आत्ता सांगितलं नाही तर पुढे जड जाईल, हे कळत होतं. पण त्या पांढऱ्या चादरीखाली एका बाजूला जिथे पाय असायचा तिथे चादर सपाट होती.

"राहील," मी म्हटलं.

"इदवल काही बोलला?"

"कुरण भरून येईल म्हणाला."

"मग पाटी तू बघ. टाच, मूठ, ओढा. बूट काढू नकोस. तुला त्यातलं काही कळायचं नाही." आणि मग तोंड फिरवून म्हणाला, "मलाही कळलं नाहीच म्हणा."

फेब्रुवारीत त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला. तिथून डोंगर दिसत नाही, माझी कपड्यांची दोरी दिसते आणि थोडं आभाळ. सायकलवाली पोरं भेटायला यायची, चॅपलमधली माणसं यायची. साखळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं मी प्रत्येकाला दारातच बजावायचे. सगळ्यांनी मूग गिळले. लोरीची आई केक घेऊन आली, त्याच्या उशाशी बसली, त्याचा हात हातात धरला आणि उठून गेली. त्या दिवशी त्यानं केक खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ला.

दर शनिवारी मात्र तो मला उजाडायच्या आत हाक मारायचा. "मेन्ना, ऊठ. पाटी."

मी बूट चढवायचे, गाडी काढायचे आणि फाटकापर्यंत जायचे. साखळी होती, नवीन कुलूप होतं. पाटी त्या दिवशी मी लावलेली, लालच लटकत होती. मी गाडीत बसून राहायचे. तो एवढा वेळ चढला असता, एवढा उतरला असता, असा अंदाज घेत. कधी कधी गाडीतल्या गाडीत रडून घ्यायचे, कधी रेडिओ ऐकायचे. मग घरी.

"कशी आहे?"

"लाल."

"टाच?"

"चोखते अजून."

"वाटलंच. रात्री पडला ना," असं म्हणून तो समाधानानं चहा मागायचा. आणि पाऊस इमानानं पडत होता, त्यामुळे माझं खोटं खपून जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पावसाला म्हटलं, पड बाबा, थांबू नकोस.

पण मार्चच्या मध्यावर पूर्वेचा वारा सुटला. कोरडा, कापणारा, दिवसेंदिवस. आभाळ धुतल्यासारखं निळं. मी धुतलेल्या चादरी दुपारच्या आत वाळून फडफडायला लागल्या आणि तो पलंगावरून त्यांच्याकडे बघत राहिला. शनिवारी हाक मारली ती हळू.

"मेन्ना. आज हिरवी असणार."

"बघून येते."

फाटकाशी आज गाडीत बसवेना. उतरले, साखळीला धरून उभी राहिले. इथून वाट वळणापर्यंत दिसते. खडखडीत वाळलेली होती, आणि कडेचं गवत मध्ये यायला लागलं होतं. कुरणावर पोपटी रंग चढला होता, पण गाड्यांच्या खाचा तशाच होत्या. कोकरं त्यांच्यात उड्या मारत होती. लाल म्हणावं, तर या वाऱ्यात ते शेंबडं पोरही मानणार नाही. खरं सांगावं, तर काय उरतं त्याला? मी पाटीची हिरवी बाजू पुढे केली. साखळी बांधलेल्या फाटकावर हिरवी पाटी. वेडेपणाच, पण निदान शब्द तरी खोटा व्हायचा नाही, असं वाटलं.

घरी आले तर तो उशीला टेकून बसला होता.

"हिरवी," मी म्हटलं. "दगडासारखी टणक. हिरवी लावून आले."

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

"बूट इकडे आण," म्हणाला.

"कोरडी आहे रे वाट, बुटाला काय लागणार?"

"आण म्हणतो ना."

मी काढून दिले. त्यानं तळवे वर करून मांडीवर ठेवले, अंगठ्यानं खाचा चाचपल्या. त्याची बोटं अजून शाबूत आहेत.

"लार्चखाली काळा चिखल असतो," तो म्हणाला. "पानं कुजून होतो तो. भर उन्हाळ्यातही वाळत नाही. वाट चालून आलेल्या बुटाला तो लागतोच. घासला तरी टाचेच्या खाचेत राहतो." त्यानं बूट खाली ठेवले. "तू पहिल्या शनिवारी गेलीस ना, तेव्हाही नव्हता."

"म्हणजे तुला पहिल्यापासून..."

"इदवल शब्द मोडणारा माणूस नाही. साखळी लावणारच."

"मग दर शनिवारी मला उठवून पिटाळत का होतास, मेल्या? त्या थंडीत मी तिथे गाडीत..."

बाहेर चादरी फडफडत होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"तू लाल म्हणायचीस तोवर वाट नुसती ओली होती, मेन्ना, गेलेली नव्हती," तो म्हणाला.

मी बूट उचलले आणि घासायला मागच्या दारी घेऊन गेले. घासण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.